मणक्यात स्क्रू बसवण्याआधी हाड तपासून घ्या

माझ्या आत्याच्या कमरेत सहा स्क्रू आणि दोन सळ्या बसवून पाच महिने झाले होते, तेव्हा तिचा नवा एक्स-रे मी खानापूर तालुक्यातील तिच्या घराच्या खिडकीशी उजेडाला धरून पाहिला. सर्वांत खालच्या दोन स्क्रूंभोवती बारीक काळी कडा दिसत होती. भिंतीतला खिळा हलू लागला की त्याच्या भोवतीचे भोक जसे रुंदावते, तशीच ती कडा होती आणि स्क्रूची हाडावरील पकड सुटली आहे, असा तिचा अर्थ होता. आत्या त्या वेळी ६७ वर्षांची होती; पाळी थांबून वीस वर्षे उलटली होती, दम्यासाठी ती कित्येक वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती आणि स्वयंपाकघरातील ज्या फळीवरचा डबा पूर्वी तिच्या हाताला सहज येई, तो आता येत नव्हता. हाडे ठिसूळ झाल्याच्या या तिन्ही खुणा समोर असताना शस्त्रक्रियेपूर्वी तिच्या हाडांची घनता एकदाही मोजली गेली नव्हती. रुग्णालयात तो प्रश्न कोणी काढला नाही. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट असूनही तो विचारला नाही, याची खंत मला आजही आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून माझ्याकडे येणारे लोक बहुधा एकच वाक्य बोलतात: मणक्यात गॅप पडलाय, नस दबलीय, स्क्रू घालायला सांगितलंय. त्यांच्यापैकी ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे किंवा ज्यांची हाडे ठिसूळ असण्याची शंका आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, हे येथे लिहितो आहे. औषध कोणते आणि शस्त्रक्रिया कोणती, हा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील; परंतु त्यांच्यासमोर बसताना कोणते प्रश्न घेऊन जायचे, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

स्क्रूचे काम कोणते, हाडाचे कोणते

फ्यूजन म्हणजे दोन किंवा अधिक मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकणे. सर्जन बहुतेक वेळा पाठीमागून प्रत्येक मणक्यात दोन स्क्रू बसवतात, ते सळ्यांनी जोडतात, काही वेळा दोन मणक्यांमधील झिजलेली गादी काढून तेथे केज नावाचा छोटा ठोकळा ठेवतात आणि या सगळ्याच्या आजूबाजूला हाडाचे बारीक तुकडे पेरतात. हे तुकडे जुळून मणक्यांमध्ये हाडाचा अखंड पूल तयार व्हायला साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते. घराचा स्लॅब टाकताना आपण सेंटरिंग लावतो, टेकू देतो आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते काढत नाही. स्क्रू आणि सळ्या यांचे काम त्या सेंटरिंगसारखे आहे. फरक एवढाच की हे सेंटरिंग बहुधा कायमचे आत राहते. टेकूखालची जमीनच भुसभुशीत असेल, तर टेकू सागवानी असला तरी खचतो आणि स्लॅबला तडा जातो.

मणक्याच्या आतले हाड भरीव नसून जाळीदार असते. हाडांचा ठिसूळपणा वाढला की या जाळीच्या भिंती पातळ होतात, काही तुटतात, आणि स्क्रूच्या आट्यांना धरायला जागा उरत नाही. मग पुढील चार गोष्टींपैकी काहीही घडू शकते: स्क्रू सैल होतो किंवा निसटतो, केज मणक्यात रुतते, जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका चेपतो आणि रुग्ण हळूहळू पुढे वाकू लागतो, किंवा हाडाचा पूल जुळतच नाही आणि हालचालींचा सगळा भार महिनोन्‌महिने धातूवर पडून सळी तुटते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी असते, कारण सैल झालेल्या भोकात पुन्हा पकड मिळवायची असते आणि बरेचदा आणखी मणके जोडावे लागतात.

शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे का

नुसत्या कंबरदुखीसाठी फ्यूजन करू नये. मणका मणक्यावरून सरकलेला आहे आणि तो हालचालीबरोबर आणखी सरकतो, मज्जारज्जूची किंवा नसांची जागा अरुंद होऊन थोडे चालले की पाय भरून येतात आणि औषध व व्यायामाने काही महिन्यांत फरक पडलेला नाही, किंवा ठिसूळ मणका चेपून त्याचा तुकडा नसांवर दाबतो आहे, अशी ठोस कारणे असतात तेव्हाच स्क्रूचा विचार होतो. काही रुग्णांत मणके स्थिर असतात आणि फक्त नस मोकळी करून, स्क्रू न बसवता भागते. ‘माझ्या बाबतीत तेवढे पुरेल का?’ हा प्रश्न ठिसूळ हाडांच्या रुग्णाने अवश्य विचारावा. पाय घसरून बसल्यावर किंवा घागर उचलताना मणका नुसता चेपला असेल आणि पायांत ताकद शाबूत असेल, तर बहुतेकांना विश्रांती, बेल्ट, वेदनाशामक आणि ठिसूळपणाचे औषध यांनी आराम पडतो. दुखणे हटतच नसेल तर चेपलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याची लहान प्रक्रियाही करता येते.

मात्र पुढील लक्षणे दिसली तर हे सगळे वाचत बसू नका आणि डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचीही, वाट पाहू नका: लघवी अडकणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी व जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणे. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचले पाहिजे, मग ते बेळगाव असो, हुबळी असो, मिरज असो वा कोल्हापूर. बाकीच्यांकडे मात्र वेळ असतो. दोन वर्षे दुखत असलेली कंबर हाड सुधारण्यासाठी आणखी दोन-तीन महिने थांबली, तर सहसा नुकसान होत नाही. घाई केली, तर होऊ शकते.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत आहे. तिच्यामागची माया मला समजते, पण ज्याची हाडे ठिसूळ आहेत त्याच्या पाठीवर कोणीही पाय देऊ नये, पाठ तुडवू नये आणि कडकड वाजेपर्यंत मोडू नये. तेवढ्या दाबानेही मणका चेपू शकतो.

हाडाची तपासणी कशी करून घ्यावी

पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने फ्यूजनपूर्वी हाडांचा विचार करून घ्यावा. ज्यांची पाळी लवकर थांबली किंवा अंडाशय काढलेले आहेत, ज्यांनी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतले आहे, ज्यांचे मनगट, खुबा किंवा मणका किरकोळ पडण्याने मोडला आहे, ज्यांना संधिवात, थायरॉईडचा किंवा मूत्रपिंडाचा विकार किंवा जुना मधुमेह आहे, ज्यांची उंची तरुणपणापेक्षा सुमारे चार सेंटिमीटरने कमी झाली आहे, त्यांनी तर आग्रहच धरावा. एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर बाजारात मिळणाऱ्या, वेष्टनावर घटक न लिहिलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तशी पुडी तुम्ही घेतली असेल, तर डॉक्टरांपासून ते लपवू नका आणि ती एकदम स्वतःहून बंदही करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

मुख्य तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. टेबलावर उताणे पडून राहायचे, दहा-वीस मिनिटांत काम होते, सुई नाही, दुखणे नाही, आणि किरणांचे प्रमाण अत्यल्प असते. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नये, आणि नुकतेच रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन झाले असेल तर तसे सांगावे. अहवालात टी-स्कोअर नावाचा आकडा असतो. तो उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाड सामान्य, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ठिसूळ समजतात. मात्र किरकोळ कारणाने मणका किंवा खुबा आधीच मोडलेला असेल, तर आकडा बरा दिसला तरी ते हाड ठिसूळच मानून उपचार करतात.

याच ठिकाणी अनेकांची फसगत होते. ज्यांना फ्यूजन सांगितलेले असते त्यांच्या कमरेत झीज झालेली असते, मणक्यांच्या कडांवर हाडाचे काटे वाढलेले असतात, आणि यंत्र त्या काट्यांनाही हाड समजून मोजते. त्यामुळे कमरेचा आकडा खरा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून डेक्सा करताना कंबर, खुबा आणि शक्य असल्यास मनगटाजवळचे हाड असे तिन्ही मोजायला सांगा, आणि सर्वांत वाईट आकड्याकडे लक्ष द्या. गावात शिबिर भरते, टाच एका यंत्रात ठेवून दोन मिनिटांत चिठ्ठी देतात, ती तपासणी शंका घेण्यापुरती ठीक आहे. तिच्यावरून स्क्रूचा निर्णय घेता येत नाही.

दुसरा उपाय तुमच्या पिशवीतच असू शकतो. कमरेचे किंवा पोटाचे सीटी स्कॅन झालेले असेल, तर त्यातील कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आतल्या हाडाची घनता संगणकावर मोजता येते. हाउन्सफिल्ड या एककात ती साधारण ११० च्या खाली असेल, तर हाड ठिसूळ असण्याची शक्यता मोठी असते. त्यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त रेडिओलॉजिस्टना किंवा सर्जनना मोजायला सांगावे लागते. म्हणून जुन्या स्कॅनची सीडी आणि फिल्म, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसह, नेहमी बरोबर ठेवा.

रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉईड, पॅराथायरॉईडचे संप्रेरक आणि मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी या तपासण्या हाड ठिसूळ निघाल्यावर कराव्या लागतात. वयस्कर व्यक्तीचा मणका काही कारण नसताना चेपला असेल, तर मायलोमा नावाच्या रक्ताच्या कर्करोगाचीही तपासणी करतात. पुरुषांनी ‘हा बायकांचा आजार’ म्हणून टाळू नये. स्टेरॉइड, दारू आणि तंबाखू पुरुषांची हाडेही तितकीच पोखरतात.

आधीचे दोन-तीन महिने

हाड ठिसूळ ठरले आणि शस्त्रक्रिया तातडीची नसली, तर हे महिने तयारीचे आहेत. रक्तातील ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची मात्रा काही आठवड्यांसाठी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठी नीट न वाचल्याने ती रोज घेणारे आणि मुदत संपल्यावरही दुकानातून वर्षभर आणत राहणारे असे दोन्ही रुग्ण मी पाहिले आहेत. या जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला तर रक्तातील कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. आठवड्याचा वार ठरवून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम आणि इतर प्रौढांना सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या भागात हे अन्नातून मिळवणे अवघड नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे खानापूर भागातील घरात सकाळची आंबील आणि दुपारची नाचणीची भाकरी यांनीच मोठा वाटा निघतो. पेलाभर दुधातून दोनशेच्या वर मिळते. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांची भर पडते. उरलेली तूट गोळीने भरावी, पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कारण त्यापुढचे अंगी लागत नाही. कॅल्शियमइतकीच प्रथिनांचीही गरज असते, आणि म्हातारपणी भात-आमटीवर दिवस काढणाऱ्यांना ती पुरत नाहीत. जखम भरून येण्यासाठी अंडी, मासे, उसळी, ताक, शेंगदाणे यांपैकी जे चालते ते रोज पोटात गेले पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांनी पाया तयार होतो. परंतु ठिसूळ झालेल्या हाडाला स्क्रू धरण्याजोगे करायला खरे औषध लागते. ही औषधे दोन तऱ्हेची आहेत. एका तऱ्हेची औषधे हाडाची झीज रोखतात: आठवड्याला एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड आणि दर सहा महिन्यांनी कातडीखाली देतात ते डेनोसुमॅब. दुसऱ्या तऱ्हेची औषधे नवे हाड तयार करतात, त्यांपैकी टेरिपॅराटाइड सर्वांत परिचित आहे. रोज २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन पेनने पोटावर किंवा मांडीवर घ्यायचे असते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर अनेक तज्ज्ञ टेरिपॅराटाइडला पसंती देतात, दोन-तीन महिने आधी सुरू करतात आणि नंतरही काही महिने चालू ठेवतात, कारण त्याने स्क्रू सैल होण्याचे प्रमाण कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. ज्यांना हाडाचा कर्करोग झाला आहे, हाडांवर किरणोपचार झाले आहेत किंवा ज्यांच्या रक्तात कॅल्शियम जास्त आहे, त्यांना ते देत नाहीत. खर्च महिन्याला काही हजारांचा असतो, म्हणून किती महिन्यांचा कोर्स आहे, हे सुरुवातीलाच विचारून घरात हिशेब करा. मध्येच सोडलेला कोर्स फुकट जातो.

टेरिपॅराटाइडचे पेन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवतात, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरायला काढल्यापासून २८ दिवसांनी त्यात औषध उरले असले तरी टाकून द्यावे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे वीज गेली की तासन्‌तास येत नाही. अशा वेळी फ्रीज उघडू नये, आणि बेळगावहून पेन नेताना ते कापडात गुंडाळून बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवावे, बर्फाला चिकटवून नाही. घरात फ्रीज नसेल तर शेजारणीच्या फ्रीजमध्ये डब्यावर नाव लिहून पेन ठेवणाऱ्या आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी तेथे जाऊन इंजेक्शन घेणाऱ्या एका आजींनी सबंध कोर्स पुरा केला.

झीज रोखणारे औषध सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. काढायचा दात आधीच काढावा, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये व चहाही घेऊ नये.

निपाणीचा सगळा परिसर तंबाखूवर उभा आहे, आणि ज्या घरात विडीचे काम चालते त्या घरातील बाईला ‘मशेरी सोडा’ म्हणणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तरीही हे सांगितलेच पाहिजे की निकोटीन हाडाला मिळणारे रक्त कमी करते आणि फ्यूजन जुळू देत नाही. विडी, सिगारेट, चुना-तंबाखू, गुटखा आणि मशेरी या सर्वांत निकोटीन आहे. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार ते सहा आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत ते पूर्ण बंद ठेवावे. बायका मशेरीला व्यसन धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ असे विचारले की ‘नाही’ म्हणतात. घरातील सुनेने किंवा मुलीने ही माहिती हळूच पण नक्की पोचवावी.

मधुमेह ताब्यात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारणे आणि रोज जमेल तेवढे चालणे, ही तयारी याच काळात उरकावी. कुशीवर वळून उठण्याची पद्धत, जी पुढे सांगितली आहे, ती आत्तापासूनच शिकून घ्यावी, म्हणजे टाके असताना ती नव्याने शिकावी लागत नाही.

सर्जनना काय विचारावे

ठिसूळ हाडात स्क्रूची पकड वाढवण्याचे अनेक मार्ग आहेत. अधिक जाड आणि लांब स्क्रू वापरणे, वर-खाली आणखी एखादा मणका जोडून भार वाटून देणे, खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत किंवा कमरेच्या हाडात आधार घेणे, आणि छिद्रे असलेल्या स्क्रूमधून मणक्यात सिमेंट सोडून स्क्रू पक्का करणे, हे त्यांतील नेहमीचे. सिमेंटने पकड निश्चित वाढते, पण ते शिरेत गळून फुप्फुसापर्यंत जाण्याचा किंवा नसेजवळ पसरण्याचा धोका असतो, म्हणून ते एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बेताने भरतात. तुम्हाला या तंत्रांतले सगळे समजलेच पाहिजे असे नाही. माझा टी-स्कोअर किती आहे, त्यासाठी तुम्ही वेगळे काय करणार आहात, किती मणके जोडणार आहात आणि का, सिमेंट वापरणार का, फ्यूजन न करता काय होईल आणि शस्त्रक्रियेनंतर हाडाचे औषध कोण चालू ठेवणार, हे सहा प्रश्न मात्र कागदावर लिहून न्या. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण सर्जन स्क्रूकडे पाहतात, फिजिशियन साखरेकडे पाहतात, आणि हाडाचे औषध दोघांच्या मध्ये राहून जाते.

संमतीपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. आपल्या घरातील शिकलेली मुले कन्नड वाचतात, पण ज्यांच्या कमरेत स्क्रू जाणार त्या आजी-आजोबांना ते वाचता येत नाही. कोणी वाचून मराठीत समजावल्याखेरीज अंगठा किंवा सही करू नये. तसे मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि बेळगावच्या रुग्णालयांत मराठी बोलणारी परिचारिका किंवा डॉक्टर सहसा सापडतातच.

खर्चासाठी बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि एपीएल कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाखांपर्यंत. आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी साधारणपणे सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते, म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करावी. कृषी पत्तीन संघाचे, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचे, सभासद असाल तर सहकारी सभासदांसाठीच्या यशस्विनी आरोग्य योजनेबद्दल संघाच्या सचिवांना विचारा. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. तुमचे गाव यादीत आहे का आणि तुम्ही जाणार ते रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्यावे. योजनेतून स्क्रू मिळाले तरी हाडाच्या औषधाचा खर्च बहुधा वेगळा करावा लागतो, तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

घरी आल्यावर

बहुतेक रुग्णांना पहिल्या-दुसऱ्या दिवशी आधाराने उभे करून चालवतात आणि आठवड्याभरात घरी सोडतात. उठण्याची पद्धत अशी: उताणे असताना दोन्ही गुडघे वाकवावेत, खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटावा तशी, कुशीवर वळवावी, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत आणि त्याच क्षणी खालच्या कोपराने व वरच्या तळहाताने रेटा देऊन अंग उभे करावे. पाठ कुठेही पिळवटता कामा नये. घरच्यांनी काखेत हात घालून ओढू नये. एक हात खांद्यामागे आणि एक गुडघ्यांखाली ठेवून वळणाला साथ द्यावी. झोपताना हाच क्रम उलटा.

पहिले तीन महिने, आणि ठिसूळ हाडांत सर्जन सांगतील तितके अधिक काळ, तीन गोष्टी बंद: कमरेतून वाकणे, वजन उचलणे आणि अंग पिळणे. आपल्या घरांत याचा अर्थ बराच मोठा होतो. जमिनीवर बसून जेवणे, चुलीपुढे बसणे, केर काढणे, भांडी घासणे, गोठ्यातले शेण काढणे, बोअरवेलवरून घागर आणणे, नातवंडाला कडेवर घेणे, हे सगळे त्यात आले. सर्वांत आधी कमोडच्या खुर्चीची सोय करा, कारण ऊठबस करावी लागणारा संडास या काळात वापरता येत नाही. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा, गॅस ओट्यावर हवा, रोजची भांडी छातीच्या उंचीवर हवीत. बेल्ट दिला असेल तर तो पातळ सुती बनियनवर बांधावा, म्हणजे घामाने कातडी सोलत नाही.

ठिसूळ हाडांच्या रुग्णाचा मोठा शत्रू म्हणजे पडणे. पावसाळ्यात फरशीच्या अंगणावर शेवाळ धरते, न्हाणीघरात पाणी साचते, आणि रात्री लघवीला उठल्यावर उंबरा दिसत नाही. न्हाणीत खरखरीत चटई आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा, नऊवारी नेसणाऱ्या आजीचे लुगडे घोट्याच्या वर राहील असे पाहा, आणि मागून पट्टा असलेली चप्पल घाला. झोपेच्या गोळीने तोल जात असेल तर डॉक्टरांना सांगा. चालणे मात्र टाळू नये. सपाट जागेवर दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे चालत दर आठवड्याला वाढवत न्यावे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीच्या मागे किंवा टमटममध्ये बसून जाणे तीन महिने नको. सौंदत्तीच्या यात्रेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाण्याचा हट्ट किमान वर्षभर मोडावा लागेल. यल्लम्मेचे दर्शन पुढच्या वर्षी गाडीने जाऊनही होते.

जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, पायात नवा अशक्तपणा, लघवी अडणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ठिसूळ हाडांत आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात: जोडलेल्या भागाच्या वर, पाठीच्या मध्यावर अचानक सुरू झालेले नवे दुखणे, आणि आरशात किंवा फोटोत दिसणारा नवा बाक. वरचा मणका चेपल्याची ती लक्षणे असू शकतात, आणि लवकर कळले तर थोडक्यात आवरते.

साधारण दीड, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी एक्स-रे काढून स्क्रूंभोवती कडा दिसते का आणि हाडाचा पूल भरतो आहे का, हे पाहतात. दुखणे थांबले म्हणून पुढची तपासणी चुकवणारे पुष्कळ आहेत, आणि त्याहून अधिक हाडाचे औषध थांबवणारे. टेरिपॅराटाइडचा कोर्स संपला की मिळवलेले हाड टिकवण्यासाठी लगेच झीज रोखणारे औषध सुरू करावे लागते. डेनोसुमॅब घेत असाल तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नये, कारण ते अचानक सुटले तर हाडाची झीज उसळी मारून एकाच वेळी अनेक मणके चेपू शकतात. बंद करायचेच असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध देऊनच बंद करतात.

आत्याची दुसरी शस्त्रक्रिया तीन महिने टेरिपॅराटाइड घेतल्यावर, सिमेंट भरलेल्या स्क्रूंनी झाली. तिला आता दीड वर्ष झाले. ती काठी न घेता अंगणात फिरते. आता ती डेनोसुमॅबवर आहे, आणि देवघराशेजारच्या कॅलेंडरवर पुढच्या इंजेक्शनची तारीख तिने स्वतः कुंकवाने गोल करून ठेवली आहे.